एसी बंद, तरी वारा गरम

चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा सुरू होते आणि पुढचे पंधरा दिवस आमच्या डहाणू-तलासरीकडचा महामार्ग माणसांनी फुलून जातो. मुंबई-अहमदाबाद रस्ता देवळाच्या अगदी जवळून जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी गाड्यांची रीघ लागते. आमच्याकडेही पाहुणे येतात. पूर्वी एसटीने येत, आता प्रत्येकाकडे गाडी आहे. चारोटी नाका सोडून देऊळ जवळ आले की चालवणारा एसी बंद करतो. उतरायचेच आहे, कशाला पेट्रोल जाळा, हा हिशेब. दोन मिनिटे जातात न जातात तोच डॅशबोर्डावरच्या जाळ्यांतून गरम, कोंदट वारा अंगावर येऊ लागतो. "मामा, एसी बंद आहे, पंखासुद्धा बंद आहे, मग हे गरम कुठून येतंय?" हा प्रश्न मी भाच्याकडून ऐकला आहे, जावयाकडून ऐकला आहे, आणि माझ्या दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांकडूनही.

मी इतिहासाचा शिक्षक, मोटार मेकॅनिक नव्हे. पण निवृत्तीनंतर वेळ बराच असतो आणि प्रश्न सुटला नाही तर झोप लागत नाही, ही शिक्षकी पेशाची जुनी खोड. खटपट करून जे समजले त्यात यंत्रशास्त्र थोडे आणि इतिहासच जास्त निघाला.

आधी यंत्राचे सांगून टाकतो. इंजिनात जे पेट्रोल जळते, त्यातली पाव ते एक तृतीयांश शक्तीच गाडी पुढे ढकलायला कामी येते. बाकीची उष्णता होऊन जाते. काही सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि काही इंजिनाभोवती फिरणारे पाणी, म्हणजे आताच्या भाषेत कूलंट, उचलून रेडिएटरकडे नेते. हे पाणी चालत्या गाडीत ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास तापलेले असते. आता गंमत पाहा. यातले थोडे पाणी एका वेगळ्या नळीने डॅशबोर्डाच्या मागे येते आणि तिथल्या एका लहानशा रेडिएटरमधून फिरून परत जाते. हाच गाडीचा हीटर. बहुतेक आधुनिक गाड्यांत हे गरम पाणी बंद होत नाही. हीटर नको असला तरी ते आत फिरतच असते. आपण निळ्या-लाल खुणांचे बटण फिरवतो तेव्हा पाणी थांबत नाही, फक्त एक झडप हलते आणि येणारा वारा हीटरवरून जावा की त्याला वळसा घालून जावा, हे ठरते. मेकॅनिक तिला फ्लॅप म्हणतात. तिच्या कडेला फोमची पट्टी असते. चार-सहा उन्हाळे गेले की फोम झिजतो, झडप पूर्ण बसत नाही आणि हीटरवरचा वारा फटीतून सुटतो.

एसी चालू असतो तोपर्यंत हे कळत नाही, कारण त्याच पेटीत शेजारी एसीची थंड कॉईल असते आणि तिचा गारवा ही गळती झाकून टाकतो. एसी बंद झाला की झाकण उघडे पडते. कॉईलवर साचलेले पाणीही मग वाफ होऊन त्याच वाऱ्यात मिसळते. म्हणून तो वारा नुसता गरम नसतो, दमट असतो.

आणि पंखा बंद असताना वारा येतोच कसा? पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेट जिथे संपते तिथे, बारीक फटी असतात. बाहेरची हवा तिथून आत घेतली जाते. गाडी वेगात असली की हवा आपोआप आत दाबली जाते, पंख्याची गरजच नसते. पण ती जागा कुठली? तापलेल्या बॉनेटच्या मागची. वैशाखात डांबरी रस्त्यावर तासभर चाललेल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून बघा. गाडीचे चित्र आणि त्यात गोल बाण असलेले बटण दाबले तर बाहेरची वाट बंद होते आणि गरम वारा बराच कमी होतो. पाहुण्यांना मी पहिला उपाय हाच सांगतो. तरीही वारा फारच गरम असेल, आणि बटण थंडाकडे असतानाही असेल, तर झडप किंवा तिची तार बिघडली असे समजावे.

यंत्राचे एवढेच. माझ्या डोक्यात प्रश्न आला तो निराळा. ज्या डहाणूत जानेवारीतसुद्धा स्वेटर दुपारपर्यंत अंगावर राहत नाही, तिथल्या गाडीत उकळत्या पाण्याची नळी माणसाच्या गुडघ्यापर्यंत आणून सोडायची कल्पना कोणाची?

अर्थात ज्यांच्याकडे बर्फ पडतो त्यांची. मोटार जन्मली युरोपात आणि वाढली अमेरिकेत. सुरुवातीच्या मोटारी उघड्या असत, टांग्यासारख्या. थंडीत बसणारे लोक गुडघ्यांवर घोंगड्या घेत, पायाशी गरम केलेल्या विटा नाहीतर निखाऱ्यांची छोटी शेगडी ठेवत. बंद टपाच्या गाड्या रूढ झाल्यावर इंजिनाची वाया जाणारी उष्णता आत आणायच्या युक्त्या निघाल्या. आधी धुराच्या तापलेल्या नळीभोवती डबा बसवून त्यातली हवा आत सोडत. नळीला भोक पडले तर विषारी धूरही आत येई. मग १९२० आणि ३० च्या दशकांत गरम पाण्याचे हीटर आले. त्यांच्या दृष्टीने तो मोठाच शोध होता. फुकटची ऊब कोण सोडणार?

१९३८ च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅश कंपनीने 'वेदर आय' नावाची व्यवस्था काढली. काचेच्या पायथ्याशी बाहेरची हवा घ्यायची, ती गाळायची, गरम पाण्याच्या रेडिएटरवरून न्यायची आणि आत सोडायची. आजच्या आपल्या गाडीतली पेटी ही त्याच व्यवस्थेची नात-पणती म्हणायला हरकत नाही. ही नॅश कंपनी १९३७ साली एका फ्रिजवाल्या कंपनीशी एक झाली होती. त्या कंपनीचे नाव केल्व्हिनेटर! आपल्याकडे ज्यांच्या घरी पहिला फ्रिज केल्व्हिनेटरचा आला त्यांना हे नाव सांगायला नको. गाडीवाले आणि फ्रिजवाले एका घरात आल्यावर पुढे काय होणार ते उघडच होते, पण त्याला सोळा-सतरा वर्षे लागली.

गाडीत गारवा आणायचा पहिला मोठा प्रयत्न मात्र पॅकार्ड कंपनीचा. नोव्हेंबर १९३९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात त्यांनी एसीची गाडी मांडली. विलिस कॅरियर यांनी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची पहिली यंत्रणा आखली ती १९०२ साली. म्हणजे छापखान्यापासून मोटारीपर्यंत यायला सदतीस वर्षे गेली. (कॅरियरना माणसांना गार करायचे नव्हते, दमट हवेने कागद आकसू-पसरू नये आणि रंग जागच्या जागी छापले जावेत हा मूळ हेतू होता. शाळेत हे मी हटकून सांगत असे. मुलांना माणसांआधी कागदाला एसी मिळाला याची फार मजा वाटे.) पॅकार्डच्या त्या एसीची कॉईल डिकीत होती. थंड हवा मागून मानेवर येई. आणि तो बंद करण्याची सोय? इंजिन थांबवायचे, बॉनेट उघडायचे आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढून ठेवायचा. किंमत २७४ डॉलर, त्या काळी बरीच. दोन-तीन वर्षांत तो प्रकार बंद पडला.

१९५४ साली नॅश-केल्व्हिनेटरने हीटर, बाहेरची हवा आणि एसी हे तिन्ही गाडीच्या पुढच्या भागात एकाच व्यवस्थेत बसवले. आपल्या प्रश्नाचा जन्म झाला तो इथे. गरम आणि थंड शेजारी शेजारी, मधे एक-दोन झडपा. ज्या गाडीत हे आधी आले तिचे नाव होते नॅश अँबॅसडर. आपल्या अँबॅसडरशी तिचा काही संबंध नाही, नुसता नामयोग.

आपली अँबॅसडर इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने १९५७ पासून ती बनवली ती थेट २०१४ पर्यंत. मुंबईकरांची गाडी मात्र फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती होई. आधी ती गोलसर अंगाची, जिला लोक प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणत. १९६४ पासून चौकोनी तोंडाची डिलाइट. पुढे सत्तरच्या दशकात तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. आमच्या भागात मी ज्या फियाट आणि अँबॅसडर पाहिल्या, डहाणूच्या चिकूवाडीवाल्या पारशी-इराणी मंडळींच्या, डॉक्टरांच्या आणि एखाद्या गवताच्या व्यापाऱ्याच्या, त्यांपैकी एकीलाही हीटर नव्हता. घेणार कोण? पैसे देऊन उकाडा विकत घ्यायचा?

म्हणजे त्या गाड्या गार होत्या का? छे. इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये एक पत्रा. पुढच्या सीटवर बसले की पाय शेकत. पण त्या गाडीत एक फार चांगली गोष्ट होती. पुढच्या दाराच्या खिडकीत त्रिकोणी काच. ती मधल्या खुंटीवर फिरे. थोडी तिरकी केली की वारा बाजूने वळून सरळ छातीवर येई, पूर्ण उलटी केली की आणखी जोराने येई. पावसात मोठी काच बंद ठेवून ही बोटभर उघडता येई. विडी ओढणाऱ्याला राख झाडायला तीच सोय. मला वाटे हा आपल्याकडच्या उकाड्यावरचा खास देशी इलाज असावा. पण तीही अमेरिकेची. जनरल मोटर्सने १९३३ साली ती आणली, आणि हेतू हा की थंडीत मोठी काच न उघडता कोंडलेली हवा बाहेर जावी. त्यांनी केली थंडीसाठी, आपण वापरली उन्हाळ्यासाठी. एसी आला आणि ही त्रिकोणी काच गेली. मारुतीच्या आठशेला ती नव्हतीच.

मारुती आली १९८३ च्या डिसेंबरात. तिच्याबरोबर आणि नंतर नव्वदीत आलेल्या नव्या गाड्यांबरोबर जपानी, कोरियन, युरोपीय आराखडे आपल्याकडे आले आणि डॅशबोर्डातली ती पेटी सर्रास झाली. १९९८ च्या डिसेंबरात पुण्याची इंडिका आली आणि मध्यमवर्गाच्या दारात एसी असलेली गाडी उभी राहू लागली. एसी घेतला की पेटीत हीटरही आला. कोणी मागितला नव्हता, आराखड्यातच होता.

आपल्याकडचे मेकॅनिक यावर सोपा उपाय करत. हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या काढायच्या, एकच नळी वळवून इंजिनाकडचे पाणी इंजिनाकडेच परत पाठवायचे. हीटर कोरडा. "सर, आपल्याला हीटर काय करायचाय, काढून टाकू?" असे मलाही एका गॅरेजात विचारले होते. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. पावसाळ्यात काचेवर आतून बाष्प धरते तेव्हा एसी आणि हीटर दोन्ही लावून कोरडा गरम वारा काचेवर सोडला की ती झटकन स्वच्छ होते. कासा ओलांडून जव्हारकडे वर चढताना आषाढातल्या धुक्यात हा हीटर जीव वाचवू शकतो. दुसरा उपयोग जुन्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे. चढावर इंजिन तापून काटा लालाकडे सरकू लागला की एसी बंद करायचा, सगळ्या काचा उघडायच्या आणि हीटर पूर्ण लावायचा. तो शेवटी एक छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता आपल्या अंगावर घेऊन गाडी वाचवायची. पूर्वी बोरघाटात चढणीला गाड्या बॉनेट उघडून ओळीने उभ्या दिसत आणि ड्रायव्हर डबा घेऊन पाणी शोधत फिरत. त्या बिचाऱ्यांच्या गाडीत हा दुसरा रेडिएटर असता तर काही जण तरी वर पोचले असते.

आतापर्यंत मी मोटारींबद्दलच बोललो. पण आमचा महामार्ग हा मुळात ट्रकचा महामार्ग आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ८, आता ४८. मुंबईचे बंदर आणि गुजरातचे कारखाने यांच्यामधली वाहतूक रात्रंदिवस विवळवेढ्यावरून जाते. मोटारीतला गरम वारा पंधरा मिनिटांची कटकट आहे. ट्रकमध्ये तो अख्ख्या दिवसाचा.

टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. सुरुवातीच्या ट्रकला पुढे नाकासारखे लांब बॉनेट असे आणि ड्रायव्हर त्याच्या मागे बसे. पुढे सपाट तोंडाचे ट्रक वाढले, कारण तेवढ्याच लांबीत माल जास्त बसतो. नाक गेले, मग इंजिन कुठे गेले? केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला लागून. वर पत्र्याचे झाकण, झाकणावर रेग्झिन किंवा गोधडी. शिवाय पुष्कळदा कंपनीकडून नुसता सांगाडा येई आणि केबिन लाकूड-पत्र्याची, गावोगावचे कारागीर बांधत. ती दिसायला देखणी, रंगीबेरंगी, पण उष्णता अडवण्यासाठी तिच्यात काही नसे. इथे झडप नाही, फोम नाही, बटण नाही. गरम वारा सुटायला फट लागतच नव्हती.

एसटीतही हेच. आमच्या तरुणपणीच्या लाल गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनाचे मोठे झाकण होते. त्याला आम्ही बॉनेटच म्हणत असू. यात्रेच्या दिवसांत गाडी खच्चून भरली की कंडक्टर दोघातिघांना पुढे सोडी आणि ते त्या झाकणाला टेकून बसत. चैत्रात तिथे बसणे म्हणजे तव्यावर बसणे. पण आषाढात चित्र बदले. छत्री उलटी झालेली, धोतर किंवा पँट गुडघ्यापर्यंत चिंब, अशा माणसाला बॉनेटजवळ जागा मिळाली तर तो स्वतःला भाग्यवान समजे. मी स्वतः जव्हारहून येताना पौष महिन्यातल्या पहाटे त्या झाकणावर हात शेकले आहेत. अमेरिकेतल्या माणसाला हीटर का प्रिय होता, ते त्या पहाटेइतके मला कुठल्याच पुस्तकाने पटवले नसते.

प्रवासी मात्र तास-दोन तासांनी उतरून जातो. ड्रायव्हर बसलेला असतो.

आपल्याकडे गारवा कोणत्या क्रमाने आला ते पाहिले की मला इतिहासाचा शिक्षक म्हणून एक गोष्ट खटकते. आधी तो मालकाला मिळाला. मग भाडे देणाऱ्या प्रवाशाला. मुंबईत निळ्या कूल कॅब आल्या, २००१ मध्ये व्होल्वोची मागे इंजिन असलेली बस आली. त्या बसमध्ये पहिल्यांदा ड्रायव्हरची इंजिनापासून सुटका झाली, तीही प्रवाशाला आवाज आणि धग नको म्हणून. नुसता ड्रायव्हर आणि माल असेल तर गारव्याचा विषय निघतच नसे. फळांना थंड गाडी मिळाली, औषधांना मिळाली, आईस्क्रीमला मिळाली. मागे शीतपेटीत उणे तापमानात माल आणि पुढे पन्नाशीकडे झुकलेल्या केबिनमध्ये बनियनवर माणूस, हे दृश्य आमच्या रस्त्यावर नित्याचे होते. कॅरियरच्या छापखान्यातल्या कागदाची आठवण होते ती अशी.

केंद्र सरकारने यावर नियम केला तो डिसेंबर २०२३ मध्ये. साडेतीन टनांवरच्या आणि बारा टनांवरच्या, म्हणजे मध्यम आणि जड अशा दोन्ही गटांतल्या मालट्रकच्या केबिनला १ ऑक्टोबर २०२५ पासून कारखान्यातूनच एसी हवा. त्याआधी जून २०२३ मध्ये रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी हे जाहीर केले, तेव्हा खर्च वाढेल म्हणून आधी या कल्पनेला विरोध झाल्याचेही त्यांनीच सांगितले होते. १९५४ साली जमशेदपूरला ट्रक होऊ लागले आणि २०२५ साली त्यांना सक्तीने एसी मिळाला. एकाहत्तर वर्षे. म्हणजे पहिल्या पिढीतला ड्रायव्हर, त्याचा मुलगा आणि नातूही त्या झाकणाशेजारी बसून गेले. एवढ्या काळात उष्णतेने किती अपघात झाले, याची नोंद कोण ठेवणार? पंचनाम्यात वेग लिहितात, डुलकी लिहितात. केबिनचे तापमान लिहायला रकानाच नसतो.

नियम नव्या ट्रकांना आहे. जुन्या ट्रकचे आयुष्य मोठे असते, आणि आपल्याकडे तो एका मालकाकडून दुसऱ्याकडे, मोठ्या रस्त्यावरून लहान रस्त्यावर असा सरकत राहतो. तलासरीच्या पुढे आच्छाडला, गुजरातच्या सीमेवर, तपासणी नाका आहे. तिथे रांगेत उभ्या असलेल्या ट्रकांकडे भर दुपारी पाहा. इंजिन बंद, तरी ते तासभर उष्णता सोडत राहते. मागून ऊन, खालून डांबर, शेजारून लोखंड. ड्रायव्हर उतरून ट्रकच्या सावलीत बसतो, कारण केबिनपेक्षा रस्ता बरा.

एसी असूनही तो लागेलच असे नाही, हा आणखी एक भाग. मुंबईतल्या टॅक्सीवाल्याचा अनुभव सगळ्यांना आहे. साहेब उतरले की पहिले बटण एसीचे दाबले जाते. कॉम्प्रेसर इंजिनाच्याच ताकदीवर फिरतो, म्हणजे थंडाव्याचे पैसे ड्रायव्हरच्या टाकीतून जातात. एप्रिल २०२४ मध्ये हैदराबादच्या ॲपवरच्या कॅबचालकांनी 'नो एसी' अशी मोहीमच काढली होती. कंपन्यांकडून मिळणाऱ्या दरात एसी परवडत नाही, हे त्यांचे म्हणणे. वर्तमानपत्रांत त्यावर प्रवाशांच्या गैरसोयीची चर्चा बरीच झाली. त्या गाडीत दिवसभर बसणाऱ्या दुसऱ्या माणसालाही तोच गरम वारा लागतो, हे फारसे कोणी लिहिले नाही.

मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. लोकांनी फोटो काढले, हळहळले. मीही हळहळलो. पण तिच्यातून दादर ते बोरीबंदर उन्हाळ्यात ज्याने प्रवास केला आहे त्याने तिच्या गारव्याचे गोडवे गाऊ नयेत. त्रिकोणी काच तेवढी खरी होती. डॅशबोर्डावर गणपतीशेजारी बसवलेला तो वीतभर पंखाही आठवतो. तो आतली गरम हवाच इकडची तिकडे करी.

परवा चारोटीच्या पुढच्या एका ढाब्यावर चहा घेताना नव्या ट्रकचा एक ड्रायव्हर शेजारी बसला होता. चाळिशीचा, उत्तर प्रदेशचा, हिंदीतच बोलत होता. मी एसीचा विषय काढला. "है गुरुजी, कंपनीवाला है," तो म्हणाला. लावता का, असे विचारले. वसईच्या कोंडीत लावतो, घाटात लावत नाही, रात्री तर नाहीच. मालक दर फेरीला डिझेलचा हिशेब मागतो आणि किलोमीटरला ताडून बघतो. बंद केल्यावर जाळीतून गरम येते का, हेही विचारून घेतले. तो हसला. येते म्हणाला, पण जुन्या गाडीत डाव्या मांडीला फोड येत, ते आता येत नाहीत.